पीक, तण आणि काजळी



आत येताना दारापाशी एक मुलगी वहीत काहीतरी रेखाटत बसली होती. तिच्याकडून मी ही पेन्सिल मागून घेतली आहे. साधी शाळकरी पेन्सिल, मागच्या टोकाला दातांच्या खुणा असलेली. व्याख्यान संपलं की परत करीन असं कबूल केलंय. मधल्या तासाभरात हिचं काम दोन-तीनदा पडणार आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचं नाव माझ्या मागच्या फलकावर आहे. आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणायचो. शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या पेटीतला एक तराजू होता आणि त्याला हात लावायला मिळणं ही मोठी गोष्ट होती. सरांची अट एकच. आधी रिकाम्या पारड्यांचा काटा मध्यावर आणून दाखवायचा, त्याशिवाय वजनांच्या पेटीचं झाकण उघडायचं नाही. आम्हांला घाई असायची. अर्धा तास रिकामा तराजू तोलत बसण्यात कसलं विज्ञान, असं वाटायचं. ते विज्ञान मला पुढे वीस वर्षांनी कळलं, तेही यंत्र बिघडवून. ती हकिगत पुढे येईल.

मी आयुष्यभर जो तराजू वापरला त्याला पारडी नाहीत. वस्तुमान वर्णपटमापक असा त्याला पारिभाषिक शब्द आहे, पण प्रयोगशाळेत तो कुणाच्या तोंडून ऐकलेला मला आठवत नाही. आम्ही 'मास स्पेक' म्हणतो. रेणू पारड्यात ठेवता येत नाही, म्हणून युक्ती अशी की त्याला विद्युतभार द्यायचा, निर्वात नळीत विजेच्या जोरावर ढकलायचं आणि पलीकडच्या टोकाला पोचायला किती वेळ लागला ते मोजायचं. ढकलणारा जोर सगळ्यांना सारखा. हलका पुढे पळतो, जड मागे रेंगाळतो. २०,००० व्होल्टनं ढकललेला, एकच भार असलेला १,००० डाल्टनचा आयन एक मीटरची नळी साधारण १६ मायक्रोसेकंदांत पार करतो. त्या वेगानं तो पुण्याहून मुंबईला अडीच सेकंदांत पोचेल, घाटात वडापावला न थांबता. इन्सुलिनचा रेणू ५,८०० डाल्टनच्या आसपास. त्याला ३९ मायक्रोसेकंद लागतात. वस्तुमान चौपट झालं की वेळ दुप्पट, एवढंच गणित.

हे डाल्टन म्हणजे काय? किलोग्रॅम, तोळा, रत्ती तशी ही रेणूंची रत्ती. १९६१ पासून तिची व्याख्या ठरलेली आहे: कार्बन-१२ या अणूच्या वस्तुमानाचा बारावा भाग. म्हणजे या तराजूतलं वजनाचं मापच कार्बनचं. हे लक्षात ठेवा, कारण आज मी तुम्हांला हेच सांगायला आलोय की तोच कार्बन या तराजूत पारडं म्हणूनही बसला आणि कधी कधी काट्यावर बोट ठेवून वजनही बिघडवू लागला.

तराजू तसा जुना आहे. केंब्रिजमध्ये जे. जे. थॉमसन यांना पहिल्या महायुद्धाच्या आधीच निऑन वायूच्या दोन रेषा दिसल्या, एक २० ची आणि एक २२ ची. त्यांचे सहकारी फ्रान्सिस ॲस्टन यांनी १९१९ मध्ये त्या कल्पनेचं नेमकं यंत्र बनवलं. पण निऑन हा मुळातच वायू. त्याला उडवायला काही करावं लागत नाही. प्रथिनांचं तसं नाही. पाणी तापवलं की वाफ होते. अंडं तापवलं की वाफ होत नाही, ते घट्ट होतं आणि आणखी तापवलं तर करपतं. अंड्याच्या पांढऱ्यातलं लायसोझाइम हे प्रथिन १४,३०० डाल्टनचं. ते अखंड हवेत उडालं पाहिजे, तुकडे न होता, आणि वर एक विद्युतभार घेऊन. साठ-सत्तर वर्षं या तराजूपुढे जीवशास्त्रातले मोठे रेणू हात जोडून उभे होते आणि तराजू म्हणत होता, आधी उडून दाखवा.

लेसर आल्यावर लोकांनी साहजिकच रेणूंवर थेट लेसर मारून पाहिला. लहान रेणू उडाले, मोठ्यांचा चुरा झाला. १९८५ मध्ये फ्रँकफुर्टला मिखाएल कारास आणि फ्रान्झ हिलेनकांप यांच्या ध्यानात आलं की ॲलानीन हे अमिनो आम्ल एकटं असताना ज्या लेसरला दाद देत नाही, त्याच लेसरला ट्रिप्टोफॅन सोबत असताना देतं. ट्रिप्टोफॅन प्रकाश शोषतो आणि शेजाऱ्याला सोबत घेऊन उठतो. म्हणजे तोलायच्या रेणूवर लेसर मारायचाच नाही. त्याला प्रकाश शोषणाऱ्या दुसऱ्या पदार्थाच्या स्फटिकांत पेरायचं, हजार-दहा हजारांत एक अशा प्रमाणात, आणि लेसर त्या पदार्थावर मारायचा. त्या पदार्थाला मॅट्रिक्स म्हणतात आणि या पद्धतीला मॅल्डी. १९८८ मध्ये या जोडीनं निकोटिनिक आम्ल मॅट्रिक्स म्हणून वापरून १०,००० डाल्टनच्या वरची प्रथिनं अखंड उडवली.

त्याच सुमाराला क्योटोमध्ये शिमाद्झू कंपनीत कोइची तानाका नावाचा एक तरुण इंजिनिअर वेगळ्या वाटेनं चालला होता. शिक्षण विद्युत अभियांत्रिकीचं, पदवीपुरतंच, रसायनशास्त्राशी जुजबी ओळख. तो कोबाल्टची अतिसूक्ष्म भुकटी वापरून पाहत होता, कण सुमारे ३० नॅनोमीटरचे. एवढी बारीक भुकटी काळीभोर दिसते, म्हणजे येणारा प्रकाश ती गिळून टाकते. ती ॲसिटोनमध्ये कालवायची असे. १९८५ च्या फेब्रुवारीत त्यानं चुकून ग्लिसरीन ओतलं. महागाची भुकटी टाकून द्यायला जीव झाला नाही, म्हणून तोच चिखल त्यानं यंत्रात ठेवला आणि ग्लिसरीन लवकर उडून जावं म्हणून लेसर चालूच ठेवला. जीवनसत्त्व बी-१२ अखंड उडताना दिसलं. पुढे १९८७ पर्यंत त्यानं प्रथिनांपर्यंत मजल मारली. २००२ साली रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्याचं नाव आलं, तेव्हा तो पत्रकारांसमोर कंपनीच्या कामाच्या गणवेशातच येऊन बसला होता.

कारास आणि हिलेनकांप यांना ते नोबेल मिळालं नाही. यावर तेव्हा बरंच बोललं गेलं आणि आमच्या क्षेत्रात अजूनही चहाच्या वेळी वाद रंगतो. आज जगभर जी मॅल्डी वापरली जाते ती त्या दोघांच्या वाटेची, तानाकांच्या नव्हे. हे खरं आहे. पण माझा आजचा विषय तानाकांच्या चिखलातून निघतो. नेमका स्फटिक हवा असं नाही, काळी, बारीक, प्रकाश गिळणारी वस्तू असली तरी रेणू उडतो, हे त्यांनी दाखवलं. आणि काळं, बारीक, प्रकाश गिळणारं असं म्हटलं की आपल्या घरातल्या कुठल्याही आजीला एकच गोष्ट आठवेल. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली धरून पाडलेलं काजळ.

त्याच १९८५ सालात, सप्टेंबरमध्ये, अमेरिकेत ह्यूस्टनच्या राईस विद्यापीठात आणखी एक प्रयोग झाला. हॅरी क्रोटो यांना कार्बननं भरलेल्या ताऱ्यांभोवती काय घडतं ते प्रयोगशाळेत पाहायचं होतं. रिचर्ड स्मॉली आणि रॉबर्ट कर्ल यांच्यासोबत आणि काही विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी ग्राफाइटच्या चकतीवर लेसर मारला, उडालेली वाफ हेलियममध्ये थंड केली आणि मास स्पेकमध्ये सोडली. आलेखात एक रेष सगळ्यांच्या डोक्यावरून वर गेली, ७२० डाल्टनची. बारा गुणिले साठ. साठ कार्बन अणूंचा फुटबॉल. नॅनोकार्बनचं सगळं घराणं त्या रेषेपासून सुरू झालं: १९९१ मध्ये सुमिओ इजिमांनी दाखवलेल्या नलिका, २००४ मध्ये मँचेस्टरला आंद्रे गाइम आणि कोन्स्तान्तिन नोवोसेलोव यांनी ग्राफाइटवर चिकटपट्टी लावून ओढून काढलेलं ग्राफीन. हे घराणं लेसर आणि मास स्पेक यांच्या घरीच जन्मलं. पुढे ते त्याच घरी कामाला आलं, याचं मला नवल वाटत नाही. नवल वाटतं ते दहा वर्षं कुणाला सुचलं नाही याचं.

सुचायला कारण काय झालं ते सांगतो. मोठ्या प्रथिनांसाठी मॅल्डी उत्तम. पण शरीरात मोठी प्रथिनंच असतात असं थोडंच आहे? ग्लुकोज १८० डाल्टनचं. कोलेस्टेरॉल ३८६ चं. अमिनो आम्लं, औषधं, संप्रेरकं, बहुतेक सगळी ५०० च्या आत. आणि मॅट्रिक्स म्हणून जे आम्ही वापरतो तेही त्याच वयाचे: एक १८९ चा, एक १५४ चा, एक २२४ चा. लेसर पडला की मॅट्रिक्सचे रेणू स्वतःही उडतात, तेही हजारपटींनी जास्त. कुणी जोडीनं उडतो, कुणी पाण्याचा एक रेणू टाकून, कुणी सोडियम उचलून. आलेखावर ज्या उंच रेषा दिसतात त्यांना इंग्रजीत जो शब्द आहे तो मराठीत ऐकायला 'पीक' असा येतो. त्यामुळे आमच्या प्रयोगशाळेत सकाळी एकमेकांना विचारतात, "पीक आलं का?" शेतकऱ्याच्या मुलाला यात हसू येतं, मलाही यायचं. पण तुलना अगदी नेमकी आहे. ५०० डाल्टनच्या खालचं शेत मॅट्रिक्सच्या तणानं गच्च भरलेलं. त्यात ग्लुकोजचं एक रोप शोधायचं.

१९९५ मध्ये अमेरिकेतल्या मोंटाना स्टेट विद्यापीठात यान सुन्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरळ ग्राफाइटची भुकटी घेतली, ग्लिसरीनमध्ये कालवली आणि त्यातून पेप्टाइडं आणि प्रथिनं उडवली. कण नॅनो नव्हतेच, २ ते १५० मायक्रोमीटरचे, म्हणजे या पेन्सिलीच्या शिशाच्या चुऱ्यासारखे. त्यांनी या पद्धतीला पृष्ठभागाच्या आधारानं उडवणं अशा अर्थाचं नाव दिलं आणि ते 'साल्डी' म्हणून रूढ झालं. नावात 'आधार' आहे हे महत्त्वाचं. मॅट्रिक्स रेणूसोबत उडतो. आधार जागेवर राहतो, निदान राहावा अशी अपेक्षा असते.

हे घडतं कसं, यासाठी मी विद्यार्थ्यांना भडभुंज्याच्या भट्टीपाशी नेतो, म्हणजे बोलण्यात. भडभुंजा ज्वारी थेट विस्तवावर टाकत नाही, करपेल. कढईत वाळू तापवतो, ज्वारी त्यात टाकतो, दोनदा झारा फिरवतो. वाळू विस्तवाची उष्णता घेते आणि दाण्याला सगळीकडून, एका झटक्यात देते. लाही फुटून वर येते, वाळू चाळणीतून खाली राहते. इथे वाळूच्या जागी कार्बन. लेसर ३३७ किंवा ३५५ नॅनोमीटरचा, अतिनील, एक ठोका काही नॅनोसेकंदांचा. कार्बन त्या रंगाचा प्रकाश गटकन शोषतो आणि तेवढ्याच वेळात तापतो. उष्णता हळूहळू चढली असती तर रेणूचे बंध तुटले असते. पण ती इतक्या झपाट्यानं येते की रेणूला तुटण्यापेक्षा सुटणं सोपं जातं. सुटताना आजूबाजूचं सोडियम किंवा पोटॅशियम चिकटतं. ते सगळीकडे असतंच, पाण्यात, काचेत, आपल्या बोटांवरच्या घामात. म्हणून ग्लुकोज १८० वर न दिसता सोडियमसोबत २०३ वर दिसतं, पोटॅशियमसोबत २१९ वर.

रेणूला उडताना किती चटका बसला हे मोजण्याचीही युक्ती आहे. बेंझिलपिरिडिनियम नावाचे क्षार असतात. त्यांचा एक ठरावीक बंध किती ऊर्जेला तुटतो ते माहीत असतं. तो आधारावर ठेवायचा आणि शंभरात किती तुटले ते पाहायचं. आम्ही त्यांना थर्मामीटर म्हणतो. तापाची नोंद मिळते, पण तापाचं कारण नुसती उष्णता की प्रकाशानं ढकललेल्या इलेक्ट्रॉनांचाही हात, यावर एकमत नाही. पदार्थ बदलला की उत्तर बदलतं. भडभुंज्याचं उदाहरण इथपर्यंतच चालतं.

ग्राफाइटनंतर नलिका. २००३ मध्ये चीनमधल्या दालियानच्या गटानं कार्बन नलिकांवर लहान पेप्टाइडं आणि सायक्लोडेक्स्ट्रिनसारखे साखरेचे रेणू उडवले. तण जवळजवळ नाही आणि लेसरही कमी लागला. नलिकांचं पृष्ठभागाचं क्षेत्रफळ अफाट आणि त्या उष्णतेच्या चांगल्या वाहक, त्यामुळे रेणू पातळ थरात पसरतो आणि प्रत्येकाला वाटा मिळतो. मॅल्डीत स्फटिक कसा पडेल ते नशिबावर. काही मॅट्रिक्स थेंबाच्या कडेला सुयांसारखे जमतात आणि मधलं मैदान ओसाड राहतं. मग चालवणारा लेसर इकडून तिकडे फिरवत चांगली जागा शोधत बसतो, विहिरीसाठी पाणाड्या शेतात फिरतो तसा. काजळीचा थर सगळीकडे सारखा बसतो. कुठेही मारा, साधारण तेच उत्तर.

आणि आता माझी हकिगत. दालियानचं काम वाचून आम्ही हरखलो होतो. नलिका मिळवल्या, पाण्यात टाकल्या. त्या पाण्यात विरघळत नाहीत, एकमेकींना धरून गुंतवळासारख्या बसतात. मी उतावीळ. गुंतवळ तर गुंतवळ म्हणून प्लेटवर चांगला जाड थर दिला. पहिल्या दिवशी पीक सुंदर आलं. तिसऱ्या दिवशी यंत्रातून ठिणगीचा आवाज आला आणि उच्च दाबाचा पुरवठा बंद पडला. उघडून पाहिलं तर आतल्या चकचकीत इलेक्ट्रोडांवर काळी भुरभुर. लेसरच्या ठोक्यांनी नलिकाच सुटून उडत होत्या, आणि कार्बन नलिका विजेची वाहक. हजारो व्होल्टच्या दोन पट्ट्यांमध्ये मी स्वतःच्या हातानं तारा पेरल्या होत्या. यंत्र सतरा दिवस बंद राहिलं. साफ करताना सापडलं की माझ्या त्या सुंदर पिकातलं निम्मं पीक नव्हतंच. नलिका बनवताना लोह आणि निकेलचे कण लागतात, ते पुरते धुतले जात नाहीत. त्यांच्या आणि कार्बनच्या स्वतःच्या रेषा मी औषधाच्या म्हणून वहीत लिहिल्या होत्या. नुसत्या नलिका, वर काहीही न ठेवता, मी एकदाही तोलल्या नव्हत्या. मला त्या दिवशी काचेच्या पेटीतला तराजू आठवला.

उडणाऱ्या नलिकांवर उपाय निघाले. २००५ मध्ये चीनमधल्याच एका गटानं नलिका पॉलियुरेथेनच्या गोंदानं प्लेटवर चिकटवल्या आणि लहान साखरा तोलल्या. दुसऱ्यांनी नलिकांना आम्लात उकळून त्यांच्या अंगावर ऑक्सिजनचे गट चढवले. मग त्या पाण्यात नीट पसरतात, गुंतवळ होत नाही. मग ग्राफीन आलं, २०१० मध्ये, गाइम आणि नोवोसेलोव यांना नोबेल मिळालं त्याच वर्षी. ग्राफीन सपाट, आणि ज्या रेणूंमध्ये बेंझिनसारखी सपाट कडी असतात ते त्यावर भाकरीवर भाकरी ठेवावी तसे चवडीनं बसतात. इथे आधाराला दुसरं काम मिळालं. रक्त, लघवी, गढूळ पाणी अशा कशातही ग्राफीन ढवळायचं, हवे ते रेणू त्यावर येऊन बसतात, गाळून धुवायचं आणि तेच ग्राफीन थेट प्लेटवर ठेवून लेसर मारायचा. पकडणारा हात आणि उडवणारा हात एकच. सिंगापूरच्या संशोधकांनी त्याच वर्षी डीएनएचे एकेरी धागे असे पकडून तोलले.

तैवानमध्ये हुआन-चेंग चँग यांच्या गटानं २००५ मध्ये नॅनोहिऱ्यांवर प्रथिनं पकडली, हे मला या सगळ्या घराण्यातलं सर्वांत शहाणपणाचं काम वाटतं. हिरा हाही कार्बनच, पण तो पारदर्शक. लेसर त्याच्यातून आरपार जातो, म्हणजे भट्टीची वाळू म्हणून निरुपयोगी. त्यांनी ते मान्य केलं. हिऱ्याला फक्त जाळं म्हणून वापरलं. पातळ द्रावणातून प्रथिन गोळा करायचं, मग नेहमीचा मॅट्रिक्स घालायचा आणि हिऱ्यासकट प्लेटवर. काळ्या भावाला जमतं ते गोऱ्या भावानं करावं असा हट्ट नाही.

हट्टाचा विषय निघाला म्हणून एक बोलतो. नवा नॅनोपदार्थ निघाला की सहा महिन्यांत तो साल्डीसाठी वापरल्याचा निबंध येतो. मीही असे लिहिले आहेत. त्यातले फार थोडे रोजच्या कामात उतरले. रुग्णालयांत जंतू ओळखायला मॅल्डी सर्रास वापरतात, वसाहतीचा ठिपका प्लेटवर लावायचा, २,००० ते २०,००० डाल्टनमधली प्रथिनं तोलायची आणि जंतूचं नाव काही मिनिटांत. तिथे आजही १८९ डाल्टनचं ते जुनं सेंद्रिय आम्लच लागतं. मोठी प्रथिनं कार्बनवरून नीट उडत नाहीत, त्यांना सोबत उडणारा मॅट्रिक्सच लागतो. शिवाय आज आलेल्या नलिकांच्या बाटलीतला माल आणि पुढच्या वर्षीच्या बाटलीतला माल सारखा नसतो. रोगनिदान करणाऱ्याला रोज तेच उत्तर हवं असतं. शोधनिबंधाला एकदा आलं तरी चालतं.

कार्बन खरा रमला तो चित्रं काढण्यात. उंदराच्या मेंदूचा केसाहून पातळ काप घ्यायचा, त्यावर कार्बनचा फवारा मारायचा आणि लेसर ठिपक्या-ठिपक्यानं पुढे सरकवायचा. प्रत्येक ठिपक्याला एक आलेख. मग एकेका वस्तुमानाचा नकाशा, गावाच्या सात-बारासारखा, कुठे काय पिकतं ते. मॅट्रिक्सचे स्फटिक मोठे असले तर नकाशाच फाटतो. कार्बनचे कण बारीक. आयोवामध्ये सांगवोन चा आणि एडवर्ड यंग यांनी २००७ मध्ये ग्राफाइटच्या फवाऱ्यानं उंदराच्या मेंदूतल्या सेरेब्रोसाइड नावाच्या मेदांचे असे नकाशे काढले.

आपल्याकडेही काजळीचं हे घराणं परकं नाही. पवईच्या आयआयटीत कापरापासून नॅनोकार्बन बनवण्याचं काम पूर्वीच झालेलं आहे. नंतर जपानमध्ये नागोयाला कापरापासून कार्बन नलिकाही बनवल्या गेल्या. आरतीचं तबक खालून का काळं होतं, याचं उत्तर प्रयोगशाळेत भट्टीच्या भाषेत लिहिलं गेलं आहे. पुढच्या वेळी तबक घासताना आठवा, पण घासायचं टाळू नका.

आता पेन्सिल. २००६ मध्ये इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठात काही संशोधकांनी काय केलं, तर मॅल्डीच्या स्टीलच्या प्लेटवर साध्या पेन्सिलीनं रेघ ओढली, त्यावर नमुना ठेवला आणि लेसर मारला. नमुना उडाला. ग्राफाइट आहे, उडणारच. पण गंमत पुढे आहे. पेन्सिलीच्या रेघेतून कार्बनचे स्वतःचे पुंजकेही उडाले: अमुक अणूंचा, त्याहून एक जास्त, त्याहून आणखी एक. प्रत्येक रेष आधीच्या रेषेपासून बरोबर १२ डाल्टनवर. मी सतरा दिवस ज्या रेषांना शिव्या देत होतो त्याच या. आणि या लोकांनी त्यांना मोजपट्टी म्हणून वापरलं. कार्बन-१२ वरून डाल्टन ठरतो, मग कार्बनच्याच शिडीची पायरी धरून तराजूचा काटा लावायचा. दोन रुपयांची पेन्सिल एका बाजूनं मॅट्रिक्स, दुसऱ्या बाजूनं वजनाची पेटी. इतका स्वस्त आणि इतका नेमका प्रयोग मी या क्षेत्रात दुसरा पाहिला नाही.

ही शिडी दुसऱ्या कामालाही आली. नॅनोकार्बन औषध वाहून न्यायला वापरावा असं डॉक्टरांना वाटू लागलं, तेव्हा प्रश्न आला की तो शरीरात गेल्यावर बसतो कुठे? शरीर स्वतःच कार्बनचं बनलेलं. कोळशाच्या वखारीत कोळसा हरवावा तसं. पूर्वी त्याला किरणोत्सारी किंवा चमकणारी खूण लावत. पण खूण सुटून भलतीकडे गेली तर आपण खुणेचा माग काढत बसतो. बीजिंगमध्ये झोंगशिऊ निए यांच्या गटानं २०१५ मध्ये खूणच लावली नाही. उंदरांना नलिका, ग्राफीन ऑक्साइड आणि कार्बनचे नॅनोठिपके टोचले, नंतर फुप्फुस, प्लीहा, मूत्रपिंड यांचे काप घेतले आणि लेसर मारला. ऊतींमधला कार्बन हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन यांच्या मिठीत असतो, तो असा सुटत नाही. नॅनोकार्बन मात्र फुटतो आणि ऋणभारित पुंजके देतो, दोन अणूंपासून दहा अणूंपर्यंत. २४, ३६, ४८, असं १२० पर्यंत. तीच शिडी. अवयवाच्या कुठल्या कोपऱ्यात ती दिसते त्याचा नकाशा काढला की नॅनोकार्बन कुठे जाऊन बसला ते कळतं. इतर सगळ्या कामांत जे तण, तेच या कामात पीक, आणि उंदराच्या शरीरातलं बाकी सगळं तण.

माझ्या प्रयोगशाळेत नवा विद्यार्थी आला की पहिला आठवडा त्याला नमुना देत नाही. नुसता आधार. आज ग्राफाइट, उद्या नलिका, परवा ग्राफीन, वर काहीही न ठेवता. प्रत्येक रेषेपुढे ती कुणाची हे लिहायचं. काही जण कंटाळतात. एकीनं गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशीच मला येऊन विचारलं की कोऱ्या नलिकांच्या आलेखात ५८ वर रेष आहे, तिच्या शेजारी ६० वर लहान आहे, हे निकेल का? निकेलच होतं. मी तिला दुसऱ्या दिवशी नमुना दिला.

वेळ संपत आला आहे, प्रश्नांना थोडा राखून ठेवू. आणि दारापाशी बसलेली ती मुलगी, कुठे आहे? हं. ये, घेऊन जा तुझी पेन्सिल. टोक मोडलेलं नाही, बघून घे.